भूपट्टांची उत्पत्ती : प्रावरणातील संनयन आणि खडकांचे स्वभावधर्म

पृथ्वीच्या अंतरंगात द्रव्याचे संथ प्रवाह वाहत असतात आणि त्या प्रवाहांच्या पाठीवर बसून भूपट्ट इकडून तिकडे वाहून नेले जातात, असे एक चित्र भूविज्ञानाच्या प्राथमिक ग्रंथांतून दीर्घकाळ रूढ आहे. चित्र सोपे आहे, स्मरणात राहण्याजोगे आहे आणि बऱ्याच अंशी दिशाभूल करणारे आहे. भूपट्ट हा प्रवासी आणि प्रवाह हे त्याचे वाहन, अशी विभागणी त्यात गृहीत धरलेली असते. गेल्या अर्धशतकातील संशोधनाचा रोख या विभागणीच्या विरुद्ध आहे. भूपट्ट हा प्रवाहावर आरूढ झालेला कोणी परका पदार्थ नव्हे. तो त्या प्रवाहाचाच वरचा, थंड झालेला भाग होय. मात्र एवढे मान्य केल्याने प्रश्न सुटत नाही, उलट त्याहून बिकट असा दुसरा प्रश्न पुढे येतो. खालून तापलेल्या किंवा आतून तापणाऱ्या द्रव्यात संनयन सुरू व्हावे, म्हणजे तप्त व हलके द्रव्य वर चढावे आणि थंड व जड द्रव्य खाली उतरावे, यात नवल नाही. त्या संनयनाला मोजक्या, ताठ आणि कडांशीच तेवढ्या मोडणाऱ्या पट्टांचे रूप यावे, हे मात्र नवल आहे. सूर्यकुलातील खडकाळ ग्रहांपैकी आज ते केवळ पृथ्वीवर दिसते. त्याचे कारण उष्णतेत सापडत नाही. खडकांच्या स्वभावात शोधावे लागते.

खडक वाहू शकतो, ही कल्पनाच प्रथम पचनी पडणे कठीण होते. आल्फ्रेड वेगेनर याने १९१२ साली खंडविप्लवाची कल्पना मांडली, तेव्हा तिच्यावरील सर्वांत मर्मभेदी आक्षेप हॅरॉल्ड जेफ्रीज या गणिती भूभौतिकीविदाने घेतला. वेगेनरने सुचविलेल्या प्रेरणा अत्यल्प आहेत आणि पृथ्वीचे द्रव्य इतके दृढ आहे की त्यातून खंडांना वाट काढता येणे शक्य नाही, असा त्याचा मुद्दा होता. आक्षेपाचा पहिला भाग योग्य होता. दुसऱ्या भागात घन आणि द्रव यांमधील सीमारेषा जरुरीपेक्षा अधिक ठळक मानलेली होती. भूकंपाच्या आडव्या तरंगांना प्रावरणातून जाता येते, त्या अर्थी प्रावरण घन आहे यात शंका नाही. परंतु तो निवाडा काही सेकंदांच्या कालमानाचा आहे. हिमनदीतील बर्फावर घण मारला तर त्याचे तुकडे होतात, आणि तेच बर्फ वर्षानुवर्षे दरीतून खाली वाहतही असते. वितळणबिंदूच्या बरेच जवळ असलेल्या स्फटिकमय पदार्थात अणू आपल्या जागा हळूहळू बदलू शकतात, आणि त्यामुळे पदार्थ न वितळताही सर्पण करू लागतो.

हे सर्पण किती मंद असते याचा अंदाज स्कँडिनेव्हियाने दिला. हिमयुगातील बर्फाचा भार नाहीसा झाल्यावर तेथील भूमी वर येऊ लागली. बॉथनियाच्या आखाताभोवती ती आजही वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर या वेगाने वर येत आहे. या उत्थानावरून हास्केल याने १९३५ साली प्रावरणाची श्यानता काढली. ती पास्कल-सेकंद या एककात सुमारे दहाचा एकविसावा घात, म्हणजे एकावर एकवीस शून्ये, इतकी येते. पाण्याची श्यानता त्याच एककात एक सहस्रांश असते. अशा द्रव्यात संनयन होईल काय, याचे उत्तर लॉर्ड रॅली याने १९१६ साली दिलेल्या निकषाने देता येते. द्रव्याला चालना देणारे उत्प्लावन एकीकडे आणि श्यानता व उष्णतेचे विसरण हे दोन अडथळे दुसरीकडे, यांचे गुणोत्तर एका अंकाने व्यक्त करतात. तो अंक सुमारे एक हजाराच्या पुढे गेला की संनयन सुरू होते. प्रावरणाची श्यानता प्रचंड आहे हे खरे. पण त्याची जाडी सुमारे २,९०० किलोमीटर आहे आणि या गुणोत्तरात जाडीचा घन येतो. त्यामुळे प्रावरणाचा अंक कोटीच्या घरात जातो. प्रावरणात संनयन होते की नाही हा वाद येथे संपतो. इतक्या मोठ्या अंकाला ते न होणेच अशक्य आहे.

आर्थर होम्स याने १९२८ साली ग्लासगो येथे वाचलेल्या आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात किरणोत्सर्गी उष्णतेवर चालणाऱ्या अशा प्रवाहांची कल्पना खंडविप्लवाशी जोडली होती. रूढ चित्राचे मूळ बहुधा याच निबंधात आहे. तथापि त्याच निबंधात बेसाल्टचे दाबाखाली एक्लोजाइट या जड खडकात रूपांतर होऊन तो खाली बुडतो, हा विचारही आलेला आहे. आणि पुढील संशोधनाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा ठरला. हेस याने १९६२ साली मांडलेली सागरतळविस्ताराची कल्पना, व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ साली चुंबकीय पट्ट्यांवरून तिला दिलेला आधार, विल्सनने १९६५ साली ओळखलेले रूपांतर विभंग, आणि १९६७-६८ मध्ये मॅकेन्झी व पार्कर, मॉर्गन आणि ल पिशाँ यांनी गोलावरील ताठ पट्टांच्या भ्रमणाचे बांधलेले गणित हा इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, हे सर्व गणित गतीचे होते, प्रेरणांचे नव्हे. पट्ट कसे सरकतात हे त्यातून नेमके कळले. ते का सरकतात, आणि मुळात पट्टच का असतात, हे प्रश्न बाजूला ठेवले गेले होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सागरतळाच्या खोलीत दडलेले आहे. मध्य-महासागरी पर्वतरांगेच्या माथ्यावर समुद्राची खोली सरासरी २.५ किलोमीटर असते. माथ्यापासून दूर जावे तसा तळ अधिक जुना होतो आणि खोली वाढते. पण ही वाढ वयाच्या प्रमाणात होत नाही, वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. वय दशलक्ष वर्षांत मोजले तर त्याच्या वर्गमुळाला सुमारे ३५० मीटरने गुणावे आणि गुणाकार २.५ किलोमीटरमध्ये मिळवावा, की खोली मिळते. हा नियम सुमारे ७ कोटी वर्षे वयापर्यंत चांगला लागू पडतो. त्यापुढे तळ काहीसा सपाट होतो. वर्गमूळ दिसले की उष्णताविसरणाची खूण पटावी. वरून थंड होत जाणारा पदार्थ ज्या नियमाने आत आत गार होतो, तोच हा नियम होय. खडकांची उष्णताविसरणक्षमता घेऊन हिशेब केला तर १० कोटी वर्षांत थंडावा सुमारे १०० किलोमीटरपर्यंत पोहोचतो, आणि महासागरी शिलावरणाची जाडीही तेवढीच भरते. याचा अर्थ असा की, महासागरी भूपट्ट म्हणजे प्रावरणातील संनयनाचा वरचा थंड स्तरच. तो थंड झाल्यामुळे आकसतो, जड होतो आणि शेवटी गर्तेपाशी स्वतःच्या भाराने बुडतो.

बुडणारा भाग आपल्यामागे उरलेल्या पट्टाला ओढतो. या ओढीचे मान गर्तेच्या दर मीटर लांबीमागे सुमारे तीस लाख कोटी न्यूटन येते. पर्वतरांगेच्या उंचीमुळे पट्टाला मिळणारा ढकल त्याच्या एकदशांशाइतका असतो. बुडणाऱ्या भागाचे बरेचसे वजन भोवतालचे प्रावरण पेलते, तरी उरणारी ओढ निर्णायक असते. फोरसाइथ आणि उयेडा यांनी १९७५ साली दाखविले की, पट्टाच्या वेगाचा त्याच्या क्षेत्रफळाशी संबंध लागत नाही. त्याच्या परिघाचा किती भाग बुडत आहे याच्याशी मात्र स्पष्ट लागतो. पट्ट हे खालच्या प्रवाहाचे ओझे असते, तर क्षेत्रफळ मोठे त्याला ओढ मोठी, असे दिसावयास हवे होते. पॅसिफिक पट्टाच्या पश्चिमेकडील कडा गर्तांमध्ये बुडत आहेत आणि तो वर्षाला ७ ते १० सेंटिमीटर सरकतो. यूरेशियाच्या पट्टाला असा बुडता परिघ जवळजवळ नाही आणि त्याचा वेग १ ते २ सेंटिमीटर असतो. रूढ चित्रातील वाहन आणि प्रवासी यांच्या भूमिका येथे जवळजवळ उलट्या झालेल्या दिसतात.

आता दुसऱ्या, अधिक खडतर प्रश्नाकडे वळावे. प्रावरणाचा वरचा भाग पेरिडोटाइटचा असून त्यात सुमारे ६० टक्के ऑलिव्हीन असते. ऑलिव्हीनच्या सर्पणावर तपमानाचा परिणाम विलक्षण तीव्र आहे. प्रावरणाच्या सुमारे १,३०० अंश सेल्सियस तपमानाच्या आसपास तपमान १०० अंशांनी उतरले, की श्यानता जवळपास दसपट होते. आणि जसजसे तपमान आणखी उतरते, तसतशी ही वाढ अधिकच तीव्र होत जाते. पृष्ठभागाजवळच्या खडकांच्या श्यानतेचा आकडा काढणेच मग निरर्थक ठरते. अशा द्रव्यातील संनयनाचा अभ्यास सोलोमाटोव्ह याने १९९५ साली केला. वरच्या व खालच्या श्यानतेचे गुणोत्तर लहान असेल तर पृष्ठभाग प्रवाहाबरोबर सहज वाहतो. ते वाढले की पृष्ठभाग मंदावतो. आणि सुमारे दहा हजारांच्या पुढे गेले की वरचा थंड स्तर पार थिजून जागच्या जागी राहतो, संनयन त्याच्या खालीच चालू राहते. तापत्या दुधावर साय धरते तसा काहीसा हा प्रकार. दूध खाली उसळत असते आणि साय जागची हलत नाही. (साय ही दुधाहून वेगळ्या घटकांची असते आणि खडकाचे झाकण त्याच द्रव्याचे असते, हा भेद ध्यानात ठेवून ही उपमा घ्यावी.) पृथ्वीवर हे गुणोत्तर दहा हजारांच्या कितीतरी पलीकडे आहे. तेव्हा केवळ तपमान आणि श्यानता यांचाच विचार केला, तर पृथ्वीला अशा थिजलेल्या झाकणाखाली असावयास हवे होते. मंगळ तसाच आहे. शुक्र आकारमानाने आणि घनतेने पृथ्वीचे जवळजवळ जुळे भावंड. पण मॅगेलन यानाने १९९० ते १९९४ या काळात केलेल्या रडार-सर्वेक्षणात त्याच्यावर पृथ्वीसारख्या पर्वतरांगांचे व गर्तांचे सलग जाळे आढळले नाही.

झाकण मोडावयास हवे, हे यावरून उघड होते. ते मोडणे किती कठीण आहे, याचा हिशेब फार अवघड नाही. ३० किलोमीटर खोलीवर वरच्या खडकांचा दाब सुमारे १,००० मेगापास्कल असतो. बायर्ली याने १९७८ साली संकलित केलेल्या प्रयोगांनुसार बहुतेक खडकांचा घर्षणांक अशा दाबाला ०.६ च्या आसपास असतो. म्हणजे त्या खोलीवरील कोरडा विभंग घसरण्यास सुमारे ६०० मेगापास्कल प्रतिबल हवे. याउलट संनयनातून उपलब्ध होणारे प्रतिबल काही दशकांपासून फार तर शंभर मेगापास्कलपर्यंत असते. प्रयोगशाळेतील खडक आणि पृथ्वीवरील खडक यांच्यामधील ही तफावत या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे, आणि ती अद्याप पूर्णपणे मिटलेली नाही.

अडचणीला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याकडे विद्यार्थ्यांचे सहसा दुर्लक्ष होते. भूपट्टांच्या गतीचे दोन घटक पाडता येतात. एका घटकात द्रव्य एका जागी वर येऊन पसरते आणि दुसऱ्या जागी जवळ येऊन बुडते. पर्वतरांगा आणि गर्ता या त्याच्या खुणा होत. दुसऱ्या घटकात पट्ट स्वतःभोवती फिरतो किंवा शेजारच्या पट्टाला घासून आडवा सरकतो. रूपांतर विभंग ही त्याची खूण. उत्प्लावन हे ऊर्ध्वाधर दिशेतच कार्य करीत असल्यामुळे ते पहिला घटक निर्माण करू शकते, दुसरा नाही. ज्या द्रव्याची श्यानता एका पातळीवर सर्वत्र सारखी आहे त्यात दुसरा घटक मुळीच उद्भवत नाही, हे गणिताने सिद्ध करता येते. तरीही पृथ्वीवर तो पहिल्याशी तुलना करण्याइतका मोठा आहे. सान अँड्रियास विभंगाचे अस्तित्वच सांगते की शिलावरणात अरुंद, दुबळे पट्टे आहेत आणि त्यांच्यामध्ये विस्तीर्ण, ताठ प्रदेश आहेत.

हा दुबळेपणा कोठून येतो? ट्रॉम्पर्ट व हॅन्सन यांनी १९९८ साली आणि टॅक्ली याने २००० साली गणकयंत्रावरील प्रतिमानांत असे दाखविले की, ठराविक प्रतिबलापुढे खडक नमतो असे गृहीत धरले तर थिजलेले झाकण मोडते आणि पट्टांसारखी रचना आपोआप उभी राहते. हे यश मोठे होते. पण त्यासाठी नमण्याची मर्यादा शंभर मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे प्रयोगशाळेतील मूल्यांपेक्षा बरीच खाली, धरावी लागली. शिवाय या प्रतिमानांतील खडकाला स्मृती नव्हती. प्रतिबल ओसरले की तो पुन्हा पूर्ववत बळकट होतो. प्रत्यक्षातील पट्टसीमा अशा नाहीत. त्या कोट्यवधी वर्षे टिकतात, निष्क्रिय झाल्या तरी व्रणासारख्या राहतात, आणि अनुकूल प्रतिबल आले की पुन्हा जाग्या होतात.

खडकाची ही स्मृती त्याच्या कणांत असावी, असे आज अनेकांचे मत आहे. स्कॉटलंडमधील मोइन क्षेपविभंगाच्या खडकांना चार्ल्स लॅपवर्थ याने १८८५ साली मायलोनाइट हे नाव दिले. भरडलेला, दळलेला खडक असा त्या ग्रीक नावाचा भाव. लॅपवर्थला तो खरोखरच यांत्रिक रीतीने दळलेला वाटला होता. आता हे ठाऊक आहे की त्यातील कण बव्हंशी सर्पणातील पुनर्स्फटिकीभवनाने बारीक झालेले असतात. प्रावरणातून वर आलेल्या पेरिडोटाइटांतही असे मायलोनाइटी पट्टे आढळतात. सामान्य पेरिडोटाइटचे कण मिलिमीटरांत मोजावे लागतात, तर यांचे मायक्रोमीटरांत. याचे महत्त्व असे. कण बारीक झाले की अणूंना कणांच्या कडांवरून विसरणाने जाणे सोपे होते, आणि अशा सर्पणात श्यानता कणव्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. व्यास शतांश झाला की श्यानता दहा लाखांश होते. मग विरूपण त्याच अरुंद पट्ट्यात एकवटते, तेथेच अधिक कार्य घडते, कण आणखी बारीक होतात.

यातही एक खोच होती. ज्या सर्पणाने कण लहान होतात ते एक, आणि लहान कणांमुळे जे सोपे होते ते दुसरे. कण पुरेसे लहान झाले की पहिले सर्पण थांबते, आणि एकाच खनिजाचे कण पुन्हा वाढू लागतात. स्वयंवर्धनाचे चक्र मध्येच तुटते. बर्कोव्हिसी आणि रिकार यांनी २०१२ पासून मांडलेल्या उपपत्तीत ही खोच सोडविली आहे. पेरिडोटाइट एका खनिजाचा नसतो. त्यात ऑलिव्हीनबरोबर पायरोक्झीनही असते. विरूपणात दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि एकाचे कण दुसऱ्याच्या कणांना वाढू देत नाहीत. त्यामुळे बारीकपणा टिकतो, आणि खडक जितका थंड तितकी ही जखम भरून येण्यास अधिक काळ लागतो. शुक्राचा प्रश्नही या उपपत्तीने काही प्रमाणात उलगडतो. त्याच्या पृष्ठभागाचे तपमान सुमारे ४६० अंश सेल्सियस आहे. तेथे कण लवकर वाढतात आणि व्रण बुजून जातात. थंड पृष्ठभाग खडकाला बळकट करतो म्हणून पट्टांना प्रतिकूल, आणि व्रण जपतो म्हणून अनुकूल, असा हा दुहेरी व्यवहार आहे. प्रस्तुत उपपत्ती आकर्षक आहे यात संशय नाही. परंतु ज्या मंद वेगांना आणि दीर्घ कालावधींना ती लावावयाची, ते प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचे आहेत, हेही विसरून चालणार नाही.

दुसरा दावेदार पाणी. गर्तेकडे वाकणाऱ्या सागरी पट्टात भेगा पडतात, समुद्राचे पाणी त्यांतून आत शिरते आणि ऑलिव्हीनपासून सर्पेंटाइन बनते. सर्पेंटाइन, टाल्क आणि काही मृद्‌खनिजे अत्यंत निसरडी असतात. सान अँड्रियासच्या पार्कफील्ड येथील भागात विभंगाच्या आरपार वेध घेतला, तेव्हा तेथील सरकत्या पट्ट्यात सॅपोनाइट नावाचे मृद्‌खनिज सापडले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत त्याचा घर्षणांक सुमारे ०.१५ आला. या विभंगाभोवती घर्षणाने अपेक्षित असलेली जादा उष्णता आढळत नाही, हे १९६९ पासून ज्ञात असलेले कोडे त्यामुळे, निदान त्या भागापुरते, सुटते. मात्र ही खनिजे तापली की विघटित होतात. शिलावरणाचा खालचा अर्धा भाग त्यांनी दुबळा होणार नाही. तेथे कणांचाच आधार घ्यावा लागतो.

या सर्व विवेचनाची परीक्षा भारतीय पट्टावर होऊ शकते, कारण इतका चपळ पट्ट दुसरा क्वचितच सापडतो. सह्याद्रीच्या कड्यांतील बेसाल्टचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतले गेले. त्या सुमारास हा पट्ट उत्तरेकडे वर्षाला १५ सेंटिमीटर आणि त्याहूनही अधिक वेगाने सरकत होता. आशियाशी टक्कर झाल्यानंतर, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, हा वेग झपाट्याने उतरला आणि आज तो ४ ते ५ सेंटिमीटर आहे. पूर्वीच्या वेगाची कारणे विवाद्य आहेत. दख्खनच्या लाव्हांशी निगडित तप्त स्तंभाने दिलेला ढकल, उत्तरेस एकापुढे एक असलेल्या दोन बुडत्या पट्टांची दुहेरी ओढ, आणि हैदराबाद येथील भूभौतिकीविदांसह काहींनी २००७ साली मांडलेले भारतीय शिलावरणाच्या कमी जाडीचे, सुमारे १०० किलोमीटरचे, कारण, असे तीन पक्ष आहेत. दुहेरी ओढीचा पक्ष वर सांगितलेल्या विचाराशी अधिक जुळतो. ढकल देणारा तप्त स्तंभ इतका दीर्घकाळ पुरा पडणे कठीण दिसते.

वेगापेक्षाही बोधप्रद आहे तो या पट्टाचा भंग. हिमालयापाशी भारतीय भाग अडलेला आहे. सुमात्रा-जावाकडील कडा मात्र बुडतच आहे. या ओढाताणीत भारत आणि ऑस्ट्रेलिया यांना जोडणारा हिंदी महासागराचा तळ किमान ८० लाख वर्षांपासून दबत आला आहे. बंगालच्या उपसागराच्या दक्षिणेस या तळाला १०० ते ३०० किलोमीटर लांबीच्या घड्या पडल्या आहेत. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस, गर्तेपासून दूर, पट्टाच्या पोटातच ८.६ परिमाणाचा भूकंप झाला आणि सुमारे दोन तासांनी ८.२ परिमाणाचा दुसरा. आडव्या सरकण्याचा एवढा मोठा भूकंप यंत्रांनी पूर्वी नोंदविलेला नव्हता. तेथे एक विभंग मोडला नाही, अनेक मोडले. त्यांपैकी काही उत्तर-दक्षिण दिशेचे होते. ही दिशा त्या तळावरील जुन्या रूपांतर विभंगांच्या व्रणांची आहे. ज्या पर्वतरांगेवर ते निर्माण झाले, ती सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीच निष्क्रिय झाली होती. मात्र इतर काही विभंग या व्रणांना जवळजवळ काटकोनात गेले. तेथे जुना व्रण जागा झाला की ताज्या खडकात नवी चीर पडली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.